निधी, दाता आणि विद्याशाखा : एक प्रस्तावना

आपल्याकडील विद्यापीठांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत, आणि त्यांत कुलगुरूंच्या कारकीर्दी, अधिसभेतील वादविवाद, नव्या इमारतींचे पायाभरणी-समारंभ आणि मोठमोठ्या दात्यांची नावे यथास्थित आढळतात. परंतु त्या दात्याच्या दारी पहिल्याने कोण गेले, विद्येच्या कोणत्या शाखेची कोणती नड त्याच्यापुढे मांडली गेली, त्याने घातलेल्या अटी कोणी वाचल्या, कोणी मान्य केल्या, आणि रक्कम खजिन्यात जमा झाल्यानंतर तीस-चाळीस वर्षे त्या दानाच्या हेतूची राखण कोणी केली, या प्रश्नांची उत्तरे शोधू गेल्यास जुन्या दफ्तरांतील धूळ खाणारा पत्रव्यवहार वगळता फारसे काही हाती लागत नाही. प्रस्तुत ग्रंथ त्या अनुल्लेखित कामाविषयी आहे. एखाद्या विद्याशाखेसाठी निधी उभा करणे, दात्यांशी संबंध जोडणे आणि जोडलेले संबंध पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप सोपवणे, ही जबाबदारी ज्याच्यावर येते त्याने काय करावे, कशाला नकार द्यावा, आणि कोणत्या बाबतीत अधिष्ठात्याच्या शब्दाहूनही दानपत्रातील शब्द वडील मानावा, याचा विचार मराठीत स्वतंत्रपणे व्हावा असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

विद्यापीठाचा निधी आणि विद्याशाखेचा निधी यांत मी मुद्दाम भेद करतो. विद्यापीठ ही संस्था विशाल, आणि म्हणून काहीशी निराकार असते. दात्याची आस्था मात्र बहुधा साकार आणि विशिष्ट असते. ज्या अध्यापकाने सेंद्रिय रसायन शिकवले त्याच्या नावे शिष्यवृत्ती असावी, ज्या रोगाने घरातले माणूस गेले त्यावर संशोधन व्हावे, वडिलांनी जन्मभर जमवलेली प्राकृत हस्तलिखिते कोणीतरी वाचावीत, अशा भावनेने तो पुढे येतो, आणि ही भावना ओळखण्याची जागा कुलसचिवांचे कार्यालय नसून प्रयोगशाळा, विभागीय ग्रंथालय आणि अध्यापकाची खोली ही असते. रक्कम मात्र वित्त व लेखा अधिकाऱ्याकडे जमा होते, तिथे ती शीर्ष-उपशीर्षांच्या कोष्टकात जाऊन बसते, आणि तीन-चार अंदाजपत्रके उलटली की ती कशासाठी आली होती हे सांगणारा माणूस सेवानिवृत्त झालेला असतो. विद्याशाखेच्या पातळीवर हे काम पाहणारा स्वतंत्र अधिकारी नेमण्याची पद्धत आपल्या सरकारी विद्यापीठांत अजून रुजलेली नाही. अधिष्ठाता, एखादा उत्साही विभागप्रमुख आणि एक अव्वल कारकून मिळून ते कसेबसे चालवतात. म्हणून या ग्रंथात ज्याला मी निधिप्रमुख म्हणतो तो पुष्कळ ठिकाणी अद्याप व्हावयाचा आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

या कामाचा खरा आरंभ देणगी हाती येते त्या दिवशी होतो, असे माझे प्रतिपादन आहे. त्याआधीचे सर्व म्हणजे तयारी. ही गोष्ट वरवर विपरीत वाटेल, कारण निधिसंकलन म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो दौरे काढणारा, व्याख्याने देणारा, पावतीपुस्तक घेऊन फिरणारा कार्यकर्ता. आणि महाराष्ट्राने असे कार्यकर्ते इतके मोठे पाहिले आहेत की त्यांच्या उत्तरार्धाकडे, म्हणजे मिळालेले दान निभावण्याच्या दीर्घ आणि कष्टप्रद कामाकडे, आपले लक्षच गेले नाही.

धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण यासाठी सविस्तर घेतले पाहिजे. मुरूडसारख्या कोकणातल्या गावातून आलेला, १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारा हा अबोल प्राध्यापक बोलण्यात चतुर नव्हता आणि वक्तृत्वाने सभा जिंकण्याचे सामर्थ्य त्याच्याकडे मुळीच नव्हते. १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली तेव्हा त्यांनी प्रथम स्वतःची शिल्लक त्यात घातली, पुढे आपल्या आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या स्वाधीन केली, आणि मगच ते दुसऱ्यांच्या दारी गेले. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची जमीन दिली आणि १९०० साली आश्रम तिथे गेला. ज्याने आपले सर्व आधी देऊन टाकले आहे त्याच्या मागण्याला वेगळे वजन येते, हे खरे. पण कर्व्यांच्या यशाचे रहस्य तेवढ्यातच आहे असे मात्र मला वाटत नाही. त्यांच्या संस्थांचे वार्षिक अहवाल आणि हिशेब वक्तशीर असत, चार आण्यांची वर्गणीही त्यांत नावानिशी छापली जाई, आणि वर्गणीदाराला आपले चार आणे कुठे गेले ते कळे. आत्मचरित्रातही त्यांनी पैशाचा तपशील ज्या निरलंकार चोखपणाने दिला आहे तो पाहिला म्हणजे गणिताचा अध्यापक हा उत्तम याचक कसा होऊ शकतो याचा उलगडा होतो.

त्यांच्या कामात पार्वतीबाई आठवले यांचा वाटा किती होता हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही, म्हणून थोडे थांबतो. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, अर्थात बाया, यांच्या या विधवा भगिनी. वयाने प्रौढ झाल्यावर शिकलेल्या. आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत त्या गावोगाव फिरल्या, आणि विधवेने सभेत उभे राहून बोलावे हेच ज्या काळी लोकांना रुचत नव्हते त्या काळी त्यांनी सभा घेतल्या. पुढे इंग्रजी शिकण्याच्या ध्यासाने त्या एकट्या अमेरिकेत गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी चाकरी करून राहिल्या. त्यांचे ‘माझी कहाणी’ हे आत्मकथन १९२८ साली प्रसिद्ध झाले. निधिसंकलनाचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्याने ते वाचावे अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. कारण अपमान पचवून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गावात जाण्याचे बळ कशातून येते, हे त्यात दिसते.

१९१५ साली सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद कर्व्यांकडे आले, त्याच सुमारास जपानमधील महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली, आणि १९१६ साली भारतवर्षीय महिला विद्यापीठ अस्तित्वात आले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्याचे पहिले कुलपती आणि रँग्लर परांजपे पहिले कुलगुरू. मातृभाषेतून उच्च शिक्षण देणाऱ्या या विद्यापीठाला सरकारची मान्यता नव्हती आणि सरकारी अनुदानही नव्हते. जे होते ते केवळ वर्गणीवर. अशा स्थितीत मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. जगप्रवासात त्यांनी टोकियोचे महिला विद्यापीठ स्वतः पाहिले होते, म्हणजे दात्याच्या मनात ती कल्पना आधीच रुजलेली होती. कर्व्यांनी तिला हिंगण्यात पत्ता मिळवून दिला. रक्कम साडेतीन टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यांच्या रूपाने राहावयाची होती, त्यामुळे दरसाल ५२,५०० रुपये हाती येणार होते. अटी होत्या : विद्यापीठाला दात्याच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव द्यावे, मुख्य ठाणे पुढे मुंबईस न्यावे, आणि मुद्दल पूर्णपणे हवाली होण्याआधी विद्यापीठाने आपल्या बळावर उभे राहण्याच्या काही कसोट्या पार कराव्यात.

आता इथून पुढचा भाग समारंभांच्या भाषणांत सहसा येत नाही. १९२२ च्या ऑगस्टात सर विठ्ठलदास निवर्तले. ज्याच्याशी शब्दांची देवघेव झाली तो माणूस गेला. मागे राहिले विश्वस्त आणि लेखी अटी. विश्वस्तांचे कर्तव्य लेखाशी, विद्यापीठाची निष्ठा आपल्या स्वायत्ततेशी. अटींच्या पूर्ततेविषयी दोन्ही पक्षांचा अर्थ जुळेना, आणि पुढील दशकात मतभेद इतके वाढले की व्याजाची वार्षिक रक्कमही काही काळ थांबली. या सर्व काळात विद्यापीठ चालूच राहिले, कारण कर्वे फिरतच राहिले : १९२९ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या वयात ते युरोप, अमेरिका आणि जपान या प्रवासाला निघाले, आणि त्यानंतर आफ्रिकेत, केनियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत, तिथे स्थायिक झालेल्या हिंदी व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर जाऊन त्यांनी वर्गण्या जमवल्या. शेवटी तडजोड झाली आणि १९३६ साली विद्यापीठ मुंबईस आले. १९५१ साली त्यास वैधानिक दर्जा मिळाला तेव्हा कुलगुरूपदी आल्या त्या लेडी प्रेमलीला ठाकरसी, म्हणजे दात्याच्याच पत्नी. दात्याचे कुटुंब आणि संस्था यांच्यातला दुरावा एवढ्या पूर्णपणे नाहीसा झाल्याचे दुसरे उदाहरण मला सहसा आठवत नाही, आणि ते घडवण्यात ज्यांनी दोन्ही बाजूंचे पत्रव्यवहार संयमाने सांभाळले असतील त्यांची नावे आज कोणालाही माहीत नाहीत.

ही घटना मी कोणाला दोष देण्यासाठी सांगितली नाही. तिचे मोल असे की निधिप्रमुखाने दानपत्र कोणत्या दृष्टीने वाचावे हे ती शिकवते. दाता समोर बसलेला असतो, वातावरण प्रसन्न असते, अधिष्ठाता कृतज्ञतेने भारावलेला असतो, आणि अट संदिग्ध असली तरी ‘ते पुढे बघता येईल’ असे सर्वांना वाटते. नेमक्या त्या वेळी एका माणसाने, सभ्यपणे आणि दात्याविषयी पूर्ण आदर राखून, विचारले पाहिजे की ही अट पूर्ण झाली हे कोण ठरवणार, किती मुदतीत ठरवणार, आणि आपण दोघेही नसू तेव्हा वाद उपजल्यास निकाल कोणी द्यावा. असे विचारल्याने दाता दुखावतो, ही समजूत अनुभवाला धरून नाही. व्यापारात आयुष्य घालवलेल्या गृहस्थाला स्पष्ट कलमांचा करारनामा नेहमीच विश्वासार्ह वाटतो. अस्पष्ट शब्दांची स्तुती करणाऱ्या संस्थेविषयी त्याच्या मनात शंकाच येते.

अटींच्या प्रश्नाला एक जुना पदर आहे आणि तो आपल्याला थेट पेशवाईत नेतो. श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचा प्रघात दाभाडे घराण्याने पाडला, १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडल्यानंतर तो पेशव्यांकडे आला, आणि पुण्यात तो मोठ्या प्रमाणावर चालला. पेशवाई बुडाल्यावर माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्या खर्चाचा काही अंश १८२१ साली विश्रामबागवाड्यात उघडलेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. पुढे १८४९ साली पुण्यातील सुधारक मंडळींनी, ज्यांत लोकहितवादी होते, या निधीचा एक भाग मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांसाठी मिळावा असा अर्ज केला आणि शहरातील शास्त्रीमंडळात केवढी तरी खळबळ उडाली. अखेर त्यातूनच दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली, आणि कालांतराने महाविद्यालयांतील दक्षिणा फेलोशिपही. मूळ दात्याचा हेतू वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणांचा सन्मान हा होता. शतकाअखेर त्याच पैशातून भाषांतरकार आणि महाविद्यालयीन तरुण पोसले जात होते. यात हेतूचा भंग झाला की हेतूचा विकास? माझे उत्तर विकासाच्या बाजूचे आहे, कारण विद्येचा सन्मान हे त्या दानाचे गाभ्याचे सूत्र होते. परंतु विरोध करणाऱ्या शास्त्र्यांच्या बाजूलाही न्याय होता हे मान्य केल्याशिवाय हे उत्तर देण्याचा अधिकार मला वाटत नाही. आजही असा पेच येतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांच्या कायद्याने, मूळ हेतू पुरा करणे अशक्य अथवा निरर्थक झाल्यास निधी त्याच्या निकटतम हेतूकडे वळवण्याची न्यायालयीन वाट ठेवली आहे; निधिप्रमुखाने ती वाट सर्वांत शेवटी धरावी आणि तत्पूर्वी दात्याच्या वारसांशी बोलणे करावे, असा माझा सल्ला आहे.

या पेचाचे सर्वांत सामान्य रूप म्हणजे पदके. प्रत्येक विद्याशाखेत पंचाहत्तर-शंभर वर्षांपूर्वीचे चार-दोन पदकनिधी असतातच : अमुक विषयात प्रथम येणाऱ्यास सुवर्णपदक द्यावे म्हणून कोणा वकिलाने किंवा मामलेदाराने त्या काळी भरघोस वाटणारी रक्कम ठेवली, तिच्या व्याजात तेव्हा खरोखरच सोन्याचे पदक येई, आणि आज त्या व्याजात पदकाला मुलामा देण्यापुरतेही सोने येत नाही. अशा वेळी पुष्कळ ठिकाणी पदक गुपचूप बंद केले जाते. हे मला अतिशय गैर वाटते. दात्याच्या नातवंडांना शोधून काढावे, निधीची आजची खरी स्थिती त्यांच्यापुढे आकड्यांनिशी ठेवावी, मुद्दलात भर घालण्याची किंवा पदकाऐवजी ग्रंथरूपाने पारितोषिक देण्याची विनंती करावी. बहुतेक कुटुंबे या पत्राने सद्गदित होतात, आणि आजोबांच्या नावाचा एक निधी आहे हे कित्येकांना त्या दिवशी प्रथमच कळते. नवे दाते मिळवण्याच्या धावपळीत या जुन्या घरांचे दार कोणी वाजवीत नाही.

मुद्दल आणि व्याज यांचा विषय निघाला म्हणून मुंबईची दोन उदाहरणे देतो. १८२७ साली एल्फिन्स्टन मुंबई सोडून निघाले तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ शहरातील मंडळींनी वर्गणी जमवली, ती दोन लाखांच्या पुढे गेली, आणि पुतळे-मेजवान्यांत ती न घालवता युरोपीय विद्या शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठी ती ठेवावी असे ठरले. प्राध्यापक आले तेव्हा सात-आठ वर्षे लोटली होती. बाळशास्त्री जांभेकर १८३४ मध्ये या व्यवस्थेत साहाय्यक प्राध्यापक झाले आणि पुढे दादाभाई नौरोजी याच परंपरेत गणिताचे प्राध्यापक झाले. अध्यापकाची जागा कायमची निर्माण करणारे दान हे विद्याशाखेला मिळणाऱ्या सर्व दानांत श्रेष्ठ, असे मी मानतो, आणि एल्फिन्स्टन निधीच्या वर्गणीदारांना हे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी कळले होते याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान वाटतो.

दुसरे उदाहरण प्रेमचंद रायचंद यांचे. कापसाच्या तेजीत अमाप द्रव्य मिळवलेल्या या सराफाने १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आपल्या मातोश्री राजाबाई यांच्या नावे मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापूस कोसळला, शेअरबाजार बुडाला आणि प्रेमचंद स्वतः धुळीला मिळाले. परंतु विद्यापीठाचा पैसा विद्यापीठाकडे पोचलेला होता, तो व्याजाने वाढत गेला, आणि सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्याप्रमाणे उठलेला मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दिलेल्या निधीतून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली आणि बंगालमधील बुद्धिमत्तेचा तो एक मानदंड होऊन बसला. वचन आणि भरणा यांतले अंतर निधिप्रमुखाने किती गंभीरपणे घ्यावे, हे यातून दिसते. जाहीर सभेत उच्चारलेल्या आकड्यावर अध्यासन निर्माण करू नये, जाहिरात देऊन प्राध्यापक नेमू नये, आणि हप्त्यांनी येणाऱ्या देणगीचा शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत कोनशिलेवर रक्कम कोरू नये.

दात्याची इच्छा आणि विद्वानांची पद्धत यांचा मेळ कसा बसावा, याचे मला सर्वांत प्रिय असलेले उदाहरण पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ साली स्थापन झाले, आणि पुढच्याच वर्षी औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या प्रकाशनासाठी एक लाख रुपयांचे वचन दिले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि त्यांच्या मनात सचित्र महाभारत होते. विद्वानांना मात्र दिसत होते ते देशभर विखुरलेले शेकडो हस्तलिखित पाठ, त्यांची तुलना, आणि शक्य तितकी प्राचीन संहिता निश्चित करण्याचे काही पिढ्या पुरेल एवढे काम. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकर यांनी त्या कामाला शास्त्रीय शिस्त लावली. ते १९४३ साली गेले, दाता १९५१ साली गेला, आणि संहितेचे काम १९६६ साली सिद्धीस गेले. चित्रांचा आग्रह धरून दात्याने काम अडवले नाही, विद्वानांनीही चित्रांना तुच्छ लेखून दात्याला दूर सारले नाही. दात्याच्या मूळ कल्पनेहून कार्य कितीतरी विशाल झाले, आणि तरीही ते आपलेच आहे असे त्याला वाटत राहिले. एवढे साधणारे मध्यस्थ ज्या विद्याशाखेला लाभतात ती भाग्यवान.

एका बाबतीत मात्र मेळ घालू नये, ठाम राहावे. अध्यासनाला नाव दात्याचे, विषय परस्परसंमत, पण त्यावर कोणाची नेमणूक व्हावी, त्याने काय शिकवावे आणि कोणता निष्कर्ष काढावा, हे दात्याच्या हाती कदापि असू नये. निवड-समितीत दात्याचा प्रतिनिधी बसवण्याची सूचना पुष्कळदा सहज म्हणून येते. तिला पहिल्याच बैठकीत, हसतमुखाने आणि कायमचा नकार द्यावा. असा नकार दिल्यामुळे गेलेली देणगी विद्याशाखेच्या हिताचीच गेली. व्यवस्थापन परिषदेत बसून रक्कम मोजणाऱ्यांना हे पटवणे कठीण जाते, म्हणून ग्रंथात या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते सर्वांत मोठे आहे.

विद्याशाखेने स्वतःच्या बळावर निधी कसा उभारावा याचा नमुना पाहावयाचा तर मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रशास्त्र विभागाकडे पाहावे. १ ऑक्टोबर १९३३ रोजी तो सुरू झाला, वस्त्ररसायन आणि रसायन अभियांत्रिकी या अंगांनी; कारण मुंबईच्या गिरण्यांना कापड रंगवणारे, धुणारे, तपासणारे शास्त्रज्ञ हवे होते. के. वेंकटरामन यांच्यासारख्या रंगरसायनाच्या पंडिताने त्याचे नेतृत्व केले, विभाग माटुंग्यास स्वतःच्या वास्तूत गेला, आणि पुढील काही दशकांत त्याचे विद्यार्थी रंगांचे, औषधांचे, बहुवारिकांचे कारखाने काढून बसले, डॉ. रेड्डीज या औषधनिर्मिती संस्थेचे संस्थापक अंजी रेड्डी हे त्यांपैकीच. २००८ साली या विभागाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि आज माजी विद्यार्थ्यांनी व उद्योगांनी निधी दिलेली अनेक अध्यासने तिथे आहेत. हे साधले याचे कारण मागणाऱ्यांचे कौशल्य एवढेच नाही. वीस वर्षांच्या मुलाला नावाने ओळखणारे, तो पन्नाशीत आल्यावरही त्याच्या कारखान्यातली अडचण ऐकून घेणारे अध्यापक तिथे होते. माजी विद्यार्थ्याला प्रथम पत्र जाते ते देणगी मागण्यासाठी, अशी ज्या विद्याशाखेची रीत आहे तिला फळ मिळत नाही, आणि मिळू नयेही.

वर्तमान व्यवहाराचा कायदेशीर भाग मी प्रस्तावनेत ओझरताच घेतो, कारण तो बदलत राहतो. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक दायित्वावर खर्च करावे लागतात, आणि हा पैसा पाहून अनेक अधिष्ठात्यांना वाटते की आता विद्याशाखेची चिंता मिटली. तसे नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर हा पैसा कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत घालता येत नाही. तो प्रकल्पावर, मुदतीत, खर्चावा लागतो. त्यातून उपकरण येईल, वसतिगृहाची दुरुस्ती होईल, परंतु शंभर वर्षे टिकणारे अध्यासन उभे राहणार नाही. ते व्यक्तींच्या दानातूनच उभे राहील, आणि म्हणून व्यक्तींशी जोडलेला संबंध जुनाट झाला असे समजणे ही घोडचूक आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी मंडळींकडून येणाऱ्या देणगीला परकीय अंशदानाचा २०१० चा कायदा लागू होतो की आपल्या संस्थेला त्यातून सूट आहे, हे देणगी मागण्याआधी पाहावे. धनादेश आल्यावर पाहणाऱ्यांची त्रेधा उडते आणि दात्याचा उत्साह मावळतो.

लहान दात्यांविषयी लिहिल्याशिवाय लेखणी ठेवणे मला जमणार नाही. एका विद्याशाखेत मी पाहिलेली गोष्ट आहे : एका निवृत्त शिक्षिकेने वडिलांच्या स्मरणार्थ ग्रंथालयाला पुस्तकांसाठी रक्कम दिली होती, आणि काही वर्षांनी त्या सहज चौकशीला आल्या असता तिचे काय झाले हे कार्यालयात कोणाला सांगता येईना. पावती होती, ठराव होता, पुढचे काही नव्हते. ग्रंथपालांनी मात्र दाखल-नोंदवही काढली, त्यातील ‘दाता’ या रकान्यावरून एकेक क्रमांक शोधला, आणि दुपारभरात ती सर्व पुस्तके मेजावर आणून मांडली. काहींच्या परतीच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के दाटीने उमटलेले होते, म्हणजे पुस्तके वाचली जात होती. बाईंनी प्रत्येक पुस्तक उघडून पाहिले. त्यानंतर त्यांनी पुन्हा देणगी दिली हे मी सांगतो आहे खरे, पण त्यांनी दिली नसती तरी ग्रंथपालांचे ते काम तितकेच श्रेष्ठ ठरले असते.

ग्रंथाच्या शेवटी दानपत्रांचे, स्वीकृतिपत्रांचे आणि वार्षिक वृत्तांताचे मसुदे मराठीत दिले आहेत; ते वापरताना आपल्या संस्थेच्या विधिसल्लागाराकडून तपासून घ्यावेत. त्यांच्याबरोबर एका नोंदवहीचा नमुनाही आहे. दात्याचे नाव, वारसांचा पत्ता, मूळ हेतू दात्याच्याच शब्दांत, मुद्दल, गुंतवणुकीचे स्थान, दरसालचे व्याज, त्या व्याजातून काय झाले, आणि ते दात्याला कोणत्या तारखेच्या पत्राने कळवले, एवढे रकाने त्यात आहेत. विद्याशाखेच्या स्थापनेपासून आजवर आलेले प्रत्येक दान तिच्यात उतरवून घ्यावे. जुन्या फायली ज्यांना वाचता येतात असे कारकून अजून कामावर आहेत; येत्या काही वर्षांत ते निवृत्त होतील, तेव्हा हे काम त्यांच्या हातून करवून घेण्यास विलंब करू नये.